हर म्हणजे कोणाची

उदगीरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. पाटीवर लिहिलंय:
मराठीचं इंग्रजी करून मिळेल, पानाला साठ रुपये.

इंग्रजीत मी कच्चा नाही.
पण सातवीत खोत सर सर्वनामं शिकवायला उभे राहिले
तेव्हा अख्खा वर्ग हसून लोळला होता.
ही म्हणजे तो.
शी म्हणजे ती.
दे म्हणजे ते, द्यायचं काहीच नाही.
आणि माय म्हणजे माझं.
मागच्या बाकावरून बाबू तोंडारे म्हणाला,
सर, माय माझीच की, त्यात शिकायचं काय?
सरांनी त्याला अंगठे धरायला लावले.
त्याचं बरोबर होतं
हे कळायला मला एकतीस वर्षं लागली.

हाळीहून सरूबाई आली होती. भावजयीवर केस,
चार पाटल्यांची.
जबाब तिचा, शब्द न् शब्द असा:
"अयोध्या मला म्हनली, तुझ्या पाटल्या मायजवळ हायेत."
मी बोटं कडाकडा मोडली आणि टाइप केलं:
अयोध्या टोल्ड सरूबाई दॅट हर बँगल्स वेअर विथ हर मदर.

वाक्य चोख. खाली कुठं लाल रेघ नाही.
दोन बायका, दोन हर,
आणि पाटल्या मधल्या मधे.

मराठीत माय नुसती असते,
दारात बसलेली, सातबाऱ्यावर नसलेली.
नणंदेची आई तीच भावजयीची सासू,
दोघी तिला मायच म्हणतात.
इंग्रजीला ते खपत नाही.
ती म्हणते, कोणाची? आधी कोणाची ते सांग.
आणि सांगितलं की
पुढच्याच क्षणी विसरते, कोणाची ते.

वकिलानं वाचलं: अयोध्याची माय.
कागद चाकूरला गेला, कागदामागून दोन पोलीस.
त्यांनी उतरंड उतरवली, शेंगांचं पोतं
अंगणात पालथं केलं.
शेजारच्या पोरांनी शेंगा खिशात भरल्या.
दुसरं काही निघालं नाही.

पाटल्या होत्या हाळीतच,
सरूबाईच्या आईच्या, गोजरबाईच्या उशीत,
सावरीच्या कापसात, टाके घालून.
गोजरबाईला आता माणसं ओळखू येत नाहीत.
लेक जवळ बसली तरी म्हणते, ही माझी.
सून जवळ बसली तरी म्हणते, ही माझी.
केस मागे घेतली गेली.
दोघींनी मिळून उशी परत शिवली म्हणतात,
मी पाहिलं नाही.

मी चाकूरला गेलो. बिस्किटांचा पुडा घेतला होता,
तो देताना हात कसनुसा झाला.
म्हातारी उन्हात बसून राहिलेल्या शेंगा निवडत होती.
मी सांगितलं, चूक माझी,
एका शब्दाची. तो शब्द असा आहे, की...
तिनं ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली,
"नाव नव्हतं का घालता येत?"
जबाबात नव्हतं, मी म्हणालो.
"नाव हाय मला. धुरपता."

परत येऊन पंचनामा काढून पाहिला.
अयोध्याची आई, वय अंदाजे सत्तर.
पोलिसांनीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी नावं घालतो.
अयोध्यानं सरूबाईला सांगितलं की सरूबाईच्या पाटल्या
सरूबाईच्या आईजवळ, म्हणजे गोजरबाईजवळ.
इंग्रजी त्यानं अडाणी दिसते,
खोत सरांनी लाल शाईनं खोडलं असतं.
वकील वैतागतात, पान वाढतंय,
प्रतिज्ञापत्र आहे का गावची मतदारयादी?
वाढलेल्या पानाचे साठ मी लावत नाही.

काल एक नवा ज्युनियर खांद्यावरून वाकून म्हणाला,
काका, इथं नुसतं शी टाका ना.
मी म्हणालो, कोण?
तो काही बोलणार होता, पण मागे वळला.
बाकावर एक बाई बसली होती,
स्टँपपेपर वाऱ्यानं उडू नये म्हणून
त्यावर आपली चप्पल ठेवून.